मोठी घरगाडी म्हणजे किती मोठी?

आपल्यापैकीं पुष्कळांचे मुलगे, मुली, पुतणे, भाचे आज अमेरिकेंत नोकरीधंद्यानिमित्त स्थायिक झालेले आहेत. उन्हाळ्यांत आईवडिलांना तिकडे बोलावून घेण्याची चाल आतां मध्यमवर्गीय कुटुंबांत चांगलीच रुळली आहे. मुलांना रजा मिळाली कीं सर्व मंडळींना घेऊन तिकडचीं राष्ट्रीय उद्यानें पाहावयास जाण्याचा बेत ठरतो, आणि त्या बेतांत पुष्कळदां एका विशेष वाहनाचा समावेश असतो. स्वयंपाकाचा ओटा, बिछाने, न्हाणी, शौचकूप, कपाटें हें सारें ज्याच्या पोटांत आहे असें तें वाहन. अमेरिकन लोक त्याला 'रिक्रिएशनल व्हेइकल' आणि संक्षेपानें 'आर्. व्ही.' म्हणतात. या भाषणापुरतें आपण त्याला घरगाडी म्हणूं.

"मोठी गाडी ठरविली आहे, कांहीं काळजी करूं नका," असें मुलगा कळवितो आणि आपणांस समाधान वाटतें. परंतु ही मोठी म्हणजे किती मोठी, आणि कोणाच्या मतें मोठी? गाडी भाड्यानें देणारा जिला मध्यम म्हणतो, तिला एखाद्या डोंगरी रस्त्याचा अधिकारी मोठी ठरवून परत पाठवितो. आणि तोच अधिकारी जिला सोडतो, ती पुढच्या मुक्कामाच्या जागेंत मावत नाहीं. अशा वेळीं बरोबर तीन वर्षांचें मूल व सत्तरी गांठलेली आजी असते, रात्र पडलेली असते, दुसरा मुक्काम पन्नास-साठ मैलांवर असतो, आणि तेथें जागा मिळेलच असें नसतें. उन्हाळ्यांतील जागा लोकांनीं पांच-पांच, सहा-सहा महिने आधीं राखून ठेवलेल्या असतात. म्हणून हा शब्दाचा कीस नव्हे. निघण्यापूर्वीं या प्रश्नाचा उलगडा झालेला बरा.

घरगाड्यांच्या जाती पुष्कळ असल्या तरी मुख्य भेद एकच. कांहींना स्वतःचें इंजिन असतें, कांहींना नसतें. इंजिनवाल्यांचे ए, बी व सी असे तीन वर्ग पाडतात. आणि गंमत अशी कीं, हा क्रम लहानमोठेपणाचा नाहीं. सर्वांत लहान ती बी. साध्या बंद मोटारव्हॅनच्या पोटांतच संसार मांडलेली ही गाडी साधारणतः १८ ते २४ फूट भरते. सी वर्गाच्या गाडीला पुढें व्हॅनचें तोंड आणि त्या तोंडावर झेपावलेला झोपण्याचा माळा असतो. तिची लांबी सुमारें २० पासून ३२-३३ फुटांपर्यंत. भाड्यानें मिळणाऱ्या बहुतेक गाड्या याच वर्गांतल्या. ए वर्गाची गाडी म्हणजे सरळ एक बसच. ती ४५ फुटांपर्यंत जाते. आपल्याकडील १२ मीटर लांबीची बस सुमारें ३९ फूट होते, हें लक्षांत घेतलें म्हणजे या गाडीची कल्पना येईल. ज्यांना इंजिन नसतें ते ट्रेलर. ते दुसऱ्या मोटारीनें ओढावे लागतात. त्यांतील 'फिफ्थ व्हील' नांवाच्या प्रकाराचें तोंड पिकअप मोटारीच्या मागल्या हौद्यांत टेकविलेलें असतें. चाळीस फुटी ट्रेलर आणि वीस फुटी पिकअप एकत्र जोडले म्हणजे सारी आगगाडी पंचावन्न फुटांच्या घरांत जाते!

भटकंती करणाऱ्या मंडळींच्या बोलींत 'बिग रिग' असा एक शब्द आहे. त्याची कायद्यांत व्याख्या नाहीं. कोणी ३५ फुटांच्या वर गेलें कीं हा शब्द लावतात, कोणी ४० फुटांना. खासगी तळांचे मालक आपल्या जाहिरातींत तो मोठ्या हौसेनें छापतात. पण सरकारी उद्यानांत या शब्दाला कांहीं किंमत नाहीं. तेथें फूट व इंच चालतात. आणि ते फूट व इंच जागोजाग निराळे कां, हें समजून घेण्यासाठीं थोडें मागें जावें लागेल.

या साऱ्या भानगडीचें मूळ शोधूं गेल्यास तें गाड्यांत नसून झाडांच्या मुळांत सांपडतें. पहिल्या महायुद्धानंतर फोर्डच्या स्वस्त मोटारी घरोघरीं झाल्या आणि अमेरिकन माणूस तंबू व भांडीं मोटारीवर लादून रानोमाळ भटकूं लागला. १९१९ सालीं फ्लॉरिडांतील टँपा येथें अशा भटक्यांनीं 'टिन कॅन टूरिस्ट्स' नांवाचें मंडळ काढलें. डब्यांतलें अन्न खाणारे म्हणून हें नांव! त्या काळीं उद्यानांत मोटार कोठेंही न्यावी आणि सांवली पाहून झाडाखालीं उभी करावी, असा प्रघात होता. पुढें पुढें असें दिसून आलें कीं, शेंकडों वर्षें उभीं असलेलीं झाडें या सावलीच्या जागीं वाळूं लागलीं आहेत. सरकारी वनस्पतिरोग-शास्त्रज्ञ एमिलिओ माइनेके यांनीं कारण शोधून काढलें. चाकांखालीं माती घट्ट दाबली जाते, तिच्यांतील हवा व पाणी नाहींसें होतें, आणि झाडाचीं अन्न शोषणारीं बारीक मुळें गुदमरून मरतात. १९३२ सालीं त्यांनीं यावर एक लहानशी पुस्तिका लिहिली. उपाय साधा होता. तळांत एकाच दिशेनें जाणारा वळसेदार रस्ता करावयाचा, त्या रस्त्याला तिरकस फांट्यासारखी एकेका मोटारीपुरती जागा काढावयाची, आणि मोटारीनें ती हद्द ओलांडूं नये म्हणून कडेला धोंडे किंवा ओंडके गाडून ठेवावयाचे.

मंदीच्या दिवसांत, १९३३ ते १९४२ या अवधींत, 'सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर' या सरकारी योजनेंत बेकार तरुणांनीं देशभर अशा धर्तीचे कितीतरी तळ बांधले. अर्थात् प्रत्येक जागा त्या काळची एक मोटार आणि शेजारीं एक तंबू एवढ्याच हिशेबानें आंखलेली. ट्रेलर तेव्हांही येऊं लागले होते. चकचकीत ॲल्युमिनियमचा 'एअरस्ट्रीम क्लिपर' १९३६ सालचा. पण मोठ्या घरगाड्यांचें युग पुढचें. आयोवा संस्थानांतील फॉरेस्ट सिटी येथील विनेबेगो कंपनीनें १९६६ सालीं इंजिनवाल्या घरगाड्या तयार करण्यास आरंभ केला, तेव्हांपासून त्या सामान्य गृहस्थाच्या आवांक्यांत येऊं लागल्या. १९५६ ते १९६६ या दहा वर्षांत 'मिशन ६६' या योजनेखालीं उद्यानांतील सोयी वाढल्या खऱ्या. तथापि पुष्कळ जुने तळ ज्या मापानें आंखले गेले तें माप आजही तेथें राज्य करीत आहे. गाडी वाढली, जागा तेवढीच राहिली, आणि झाडाचा बुंधा तर दरवर्षीं थोडाथोडा जाड होत गेला. तळावर मोठ्या गाडीला मनाई आहे असें दिसलें कीं पुष्कळ प्रवासी अधिकाऱ्यावर चिडतात. मला तर तो धोंडा हलविण्यापेक्षां गाडी लहान आणणेंच अधिक सयुक्तिक वाटतें.

आतां प्रत्यक्ष उदाहरणें पाहूं. कॅलिफोर्नियांतील योसेमिटी उद्यानांत 'अप्पर पाइन्स' हा तळ प्रसिद्ध आहे. तेथें इंजिनवाली घरगाडी ३५ फुटांपर्यंत चालते, पण ट्रेलर मात्र २४ फुटांपर्यंतच. हा पंक्तिप्रपंच नव्हे. ट्रेलरबरोबर त्याला ओढणारी मोटारही त्याच जागेंत उभी राहणार, आणि ट्रेलर मागें घेत फांट्यांत घालावयास अधिक वाव लागतो. ॲरिझोनांतील ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कांठावर 'मेदर' नांवाचा तळ आहे. तेथें मर्यादा ३० फुटांची. त्याहून लांब गाडीवाल्यांना जवळच 'ट्रेलर व्हिलेज' नांवाचा निराळा तळ दाखवितात. तेथें एका बाजूनें शिरून दुसऱ्या बाजूनें निघावयाच्या जागा असून ५० फुटांपर्यंतची गाडी मावते, वीज-पाणी-मोरीची जोडणीही मिळते. म्हणजे ३२ फुटांची एकच गाडी योसेमिटींत बसते, मेदरमध्यें बसत नाहीं, आणि ट्रेलर व्हिलेजमध्यें तर लहानच म्हणावी लागते.

रस्त्यांची कथा याहून कडक आहे. माँटाना संस्थानांत ग्लेशियर उद्यानांतून डोंगर ओलांडणारा 'गोइंग-टु-द-सन' नांवाचा रस्ता आहे. हें काव्यमय नांव ऐकून आपणांस सूर्यलोकाची आठवण होईल. १९३० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत तो वाहतुकीस खुला झाला. कड्यांत कोरलेला, अरुंद, एका बाजूस भिंत आणि दुसऱ्या बाजूस दरी. त्याच्या मधल्या उंच भागांत बंपर धरून २१ फुटांहून लांब, अथवा आरसे धरून ८ फुटांहून रुंद, असें कोणतेंही वाहन जाऊं देत नाहींत. शिवाय दहा फुटांहून उंच गाडीला पश्चिमेकडे उतरतांना वर झुकलेल्या खडकांचा अडथळा होण्याचा संभव. भाड्याच्या गाड्यांत २५ फूट लांबीची गाडी मध्यम गणतात. येथें ती नुसती मोठीच नव्हे, तर वर्ज्य आहे. बी वर्गाच्या व्हॅनसुद्धां सगळ्याच पार होत नाहींत, कारण त्यांतल्याही कांहीं २४ फुटांच्या असतात.

यूटा संस्थानांतील झायन उद्यानांत लांबीपेक्षां उंचीचा व रुंदीचा प्रश्न पुढें येतो. तेथें १९३० सालीं पुरा झालेला सव्वा मैलाहून किंचित् कमी लांबीचा एक बोगदा आहे. त्याचें छत कमानदार आहे. कमान मध्यावर उंच आणि कडेला उतरती, हें आपण शाळेंत आकृति काढून शिकलेलों आहों. म्हणून उंच गाडी आपल्या बाजूनें चालूं लागली तर तिचा छताकडचा कोपरा भिंतीला घांसणार. तिला मधोमधच चाललें पाहिजे, आणि मग समोरून कोणी येतां कामा नये. याकरितां ११ फूट ४ इंच किंवा त्याहून उंच, अथवा ७ फूट १० इंच किंवा त्याहून रुंद गाडीला मोठी ठरवून, १५ डॉलर शुल्क घेऊन, समोरची वाहतूक थांबवून सोडण्याची पद्धत तेथें बरींच वर्षें होती. पुढें उद्यानाच्या व्यवस्थापनानें २०२६ च्या मध्यापासून अशा मोठ्या वाहनांना हा मार्गच बंद करण्याचें जाहीर केलें. सी वर्गाच्या भाड्याच्या गाडीचें छत साधारण १२ फुटांच्या आसपास असतें. म्हणजे ती लांबीनें कितीही आखूड असो, या बोगद्याच्या हिशेबीं ती मोठीच!

मग मोजावें कसें? आपल्या खेड्यांतील गाडीवानाला हें शिकवावें लागत नाहीं. कडब्यानें भरलेली गाडी वेशींतून न्यावयाची असली म्हणजे तो चाकांमधलें अंतर पाहत नाहीं. कडबा दोहों बाजूंना किती बाहेर आला आहे तें पाहतो. घरगाडीचेंही तसेंच आहे. लांबी धरावयाची ती पुढच्या बंपरपासून मागच्या टोंकाला अडकविलेल्या शिडीपर्यंत किंवा सायकलींच्या चौकटीपर्यंत. मागें लहान मोटार बांधून ओढावयाची असेल तर तीही जमेस धरावयाची. रुंदी धरावयाची ती आरसे व बाजूला गुंडाळलेलें कापडी छपर धरून. उंची धरावयाची ती छतावरच्या थंड हवेच्या यंत्रासह. नॉर्थ कॅरोलायनांतील डरहॅम गांवीं एक रेल्वेपूल आहे. त्याखालीं जाण्यास ११ फूट ८ इंच एवढाच वाव होता. सूचनाफलक असूनही कित्येक उंच गाड्या त्याला थडकत, आणि त्यांचें छत डब्याच्या झांकणासारखें सोलून निघे. शेवटीं २०१९ सालीं पूलच वर उचलून १२ फूट ४ इंच करावा लागला.

मापाच्या बाबतींत आणखी एक फसगत आहे. ट्रेलरच्या नांवांत पुष्कळदां आंकडा असतो, आणि विकत घेणारा त्यालाच लांबी समजतो. तो आंकडा बहुधा आंतल्या खोलीच्या लांबीचा असतो. पुढची जोडदांडी त्यांत धरलेली नसते. तिचे तीन-चार फूट मिळविले कीं २८ ची गाडी ३१-३२ होते. टेप लावून पाहणें हाच खरा उपाय.

आणि नुसती लांबी जमली म्हणजे सर्व जमलें असेंही नाहीं. लांब गाडीला वळणावर दोन खोडी असतात. मागचीं चाकें पुढच्या चाकांच्या मार्गानें न जातां वळणाच्या आंतल्या बाजूनें कापून जातात. आणि मागच्या चाकांच्याही मागें जो भाग लोंबत असतो तो वळणाच्या उलट बाजूस फेंकला जातो. घरांतल्या मुलांना हें समजावयाचें असेल तर एक फूटपट्टी घ्यावी, तिच्या एका टोंकापासून तिसऱ्या हिश्श्यावर बोट दाबून धरावें आणि दुसरें टोंक डावीकडे फिरवावें. आखूड टोंक उजवीकडे सरकेल. बोट म्हणजे मागचीं चाकें, आखूड टोंक म्हणजे गाडीची शेपटी. चालक डावीकडे पाहून सांभाळून वळत असतो, आणि त्याच क्षणीं उजवीकडची शेपटी नळाचा खांब मोडते. मागच्या आंसाच्या पाठीमागें दहा-बारा फूट लोंबणाऱ्या गाड्या आहेत. यावरून काय तें समजावें. याकरितां गाडी मागें घेतांना एका माणसानें खालीं उतरून चालकाला आरशांत दिसेल अशा जागीं उभें राहावें, आणि आरडाओरडा करण्याऐवजीं हाताच्या खुणा आधीं ठरवून घ्याव्या.

कांहीं गाड्यांना मुक्कामीं बाजूला सरकवून वाढविण्याच्या खोल्या असतात. दिवाणखाना असा दोन-तीन फूट बाहेर आला कीं आंत ऐसपैस होतें. पण मग त्या बाजूला एखादें झाड, विजेचा खांब किंवा जेवणाचें टेबल नसावें लागतें. जागेची लांबी पुरेशी असूनही खोली उघडतां न आल्यामुळें सारें कुटुंब चिंचोळ्या बोळांत बसून जेवतें.

विजेच्या दृष्टीनेंही लहानमोठेपणा ठरतो, आणि तो मला विशेष मनोरंजक वाटतो. तिकडे घरगुती वीज १२० व्होल्टची. लहान-मध्यम गाडीची जोडणी ३० अँपिअरची, म्हणजे १२० गुणिले ३०, एकूण ३६०० वॅट. मोठ्या गाडीची जोडणी ५० अँपिअरची. पण तींत विजेच्या दोन तारा असल्यामुळें हिशेब १२० गुणिले ५० गुणिले २, म्हणजे १२००० वॅटचा. ३० आणि ५० या आंकड्यांवरून दीडपट-पावणेदोनपट वाटावें, आणि प्रत्यक्षांत फरक तिपटीहून अधिक! मध्यें एक जोडतुकडा लावून मोठी गाडी लहान जोडणीवर चालवितां येते खरी, पण थंड हवेचीं दोन यंत्रें आणि भट्टी एकदम लावलीं कीं वीज तुटते. योसेमिटींतील तळांवर तर जोडणीच नाहीं, आणि स्वतःचें जनित्र ठराविक तासांतच चालविण्याची मुभा आहे.

चालविण्याच्या परवान्याचा उल्लेख थोडक्यांत करतों. बहुतेक ठिकाणीं मोटारीच्या साध्या परवान्यावर घरगाडी चालवितां येते. मात्र कॅलिफोर्नियांत ४० फुटांहून लांब गाडीला निराळ्या वर्गाचा परवाना लागतो, आणि टेक्ससमध्यें वजन २६००० पौंडांच्या वर गेलें तर लागतो. एका संस्थानांत मोठेपण लांबीवर, दुसऱ्यांत वजनावर.

तेव्हां मुलानें "मोठी गाडी" म्हटलें कीं त्याला उलट तीन गोष्टी विचाराव्या. गाडी टोंकापासून टोंकापर्यंत किती फूट? आरशांसह व छतावरील यंत्रासह किती रुंद व उंच? आणि ज्या जागेचें आरक्षण केलें त्या विशिष्ट क्रमांकाच्या जागेची लांबी किती? तळाची म्हणून सांगितलेली मर्यादा ही तेथील सर्वांत मोठ्या जागेची असते. प्रत्येक जागा तेवढी नसते. मर्यादा ३० ची आणि गाडी ३१ ची असली तर "एका फुटानें काय होतें" हा विचार मनांत आणूं नये. त्या एका फुटाची शेपटी रस्त्यांत राहते, आणि एकेरी वळशाच्या रस्त्यावर मागून येणाऱ्या साऱ्या गाड्या तिच्यापाशीं अडतात.

चौघां-पांचजणांच्या कुटुंबाला २५ फुटांची सी वर्गाची गाडी पुरते, आणि वर सांगितलेले अप्पर पाइन्स व मेदर हे दोन्ही तळ तिला लांबीनें खुले आहेत. ग्लेशियरला जावयाचें असेल तर पश्चिमेच्या पायथ्याशीं ॲपगार येथील तळावर कांहीं जागा ४० फुटांपर्यंतच्या गाड्यांना पुरतात. तेथें गाडी उभी करून ठेवावी. डोंगर ओलांडण्यासाठीं लहान मोटार भाड्यानें घ्यावी, किंवा उद्यानाच्या जुन्या तांबड्या बसमध्यें जागा राखावी. या बसही १९३० ते १९४० या दशकांतल्याच, म्हणजे जवळजवळ त्या रस्त्याच्याच वयाच्या. पुढें त्यांची डागडुजी करून त्या पुन्हां चालू केल्या. हवा चांगली असली म्हणजे त्यांचें कापडी छप्पर मागें गुंडाळून ठेवतात, आणि वृद्ध माणसांना बसल्या जागेवरून डोक्यावरचे कडे व त्यांवरून उतरणारें बर्फाचें पाणी दिसतें.